ताई हलली

हे प्रकरण गाळावे असे मला घरातून एकाहून अधिक वेळा सुचवण्यात आले. मुलगा म्हणाला, "बाबा, त्या वेळची माणसं एकेक करून गेली. कोणाला आठवतंय? स्वतःच्या हाताने स्वतःची लाज कशाला छापता?" त्याचे म्हणणे प्रेमाचे होते. मी आयुष्यभर हळू आवाजात बोलत आलो, वर्गातसुद्धा मागच्या बाकावरची मुले "सर, ऐकू येत नाही" म्हणून तक्रार करीत. पण एवढ्या एका बाबतीत मी कोणाचेही ऐकणार नाही. ज्या दिवशी मी खोटे बोललो त्या दिवशी माझा आवाज मुळीच हळू नव्हता, चांगला रस्त्याच्या मोरीपलीकडे ऐकू गेला होता. तेव्हा खरेही तेवढ्याच मोठ्याने सांगायला हवे. लिहिण्याआधी मी ताईला फोन केला. ती म्हणाली, "लिही. पन माझा पाय लय मोठा करून लिहू नको. पाय तेवढाच हाय."

आमचे घर वैशाखऱ्याच्या अलीकडे, मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत, भातगिरणीच्या मागच्या अंगाला होते. गिरणी सुरू झाली की आमच्या फळीवरची पितळी ताटे बारीक किणकिणत, आणि बंद झाली की घरात अचानक शांतता पसरून आईचा आवाज उगाच मोठा वाटे. पट्टा सैल झाला, की इंजिनाच्या टुकटुकीत एक ओढलेला श्वास मिसळायचा, आणि गिरणीवाल्याच्या आधी मला तो कळायचा. यंत्राचे दुखणे कानाने ओळखण्याचे माझे पहिले शिक्षण तिथे झाले. संध्याकाळी गिरणी थांबल्यावर अण्णा, म्हणजे माझे वडील, हातपाय धुऊन भिंतीवरच्या दोन तसबिरींपुढे मेणबत्ती लावीत. मग आम्ही चौघे वंदना म्हणत असू. अण्णा शाळेत शिपाई होते. पंचशीलातली पाचही शीले ते घंटा वाजवल्यासारखी, एकेक सुटी करून म्हणत. आईचे लक्ष चुलीवरच्या सुकटीच्या कालवणाकडे असे. तिसऱ्या शीलाला ती पळी हलवायला उठे आणि चौथ्याला परत येऊन आमच्यात मिसळे. चौथे शील खोटे न बोलण्याचे. ते मी लहानपणापासून इतक्या वेळा म्हटले होते, की त्याला काही अर्थ असतो हे मी विसरलो होतो.

माझी बहीण शालन माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणे, ती मला विल्या. वैशाखऱ्याच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीवरच्या शाळेत ती हंगामी शिक्षिका म्हणून लागली, तेव्हा आमच्या आळीत शिक्षिका झालेली ती पहिलीच मुलगी. एस.टी. मोठ्या रस्त्यावर सोडायची आणि तीही दुपारी. तिथून तीन किलोमीटर चढ. म्हणून अण्णांनी एका निवृत्त ग्रामसेवकाकडून मोटरसायकल घेतली. चार गिअरची, निळ्या टाकीची, पुढे पंजाने आणि मागे टाचेने दाबायचा गिअरचा दांडा असलेली. रोज सकाळी ताईला शाळेत सोडायचे आणि दुपारी आणायचे हे माझे काम. मी एकोणीस वर्षांचा होतो. अण्णांनी किल्ली देताना मला एकच नियम सांगितला: "ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर. उतारावर गाडी मोकळी सोडायची नाय." आमच्याकडची पोरे पेट्रोल वाचवायला घाटात इंजिन बंद करून उतरत आणि त्याची फुशारकी मारीत. मी तसे कधी केले नाही. जे केले ते त्याहून वाईट होते.

काही महिन्यांनी गाडीचा दुसरा गिअर सुटू लागला. चढावर टाकला की बसायचा, पण क्लचची मूठ सोडली की एखाद्या वेळी खट्कन आवाज होऊन गाडी मोकळी व्हायची आणि इंजिन उगाच किंचाळायचे. मी ती मुरबाडला बाळाराम मिस्त्रींकडे नेली. मिस्त्री माणूस कोरडा. त्यांनी मला काही विचारले नाही, गाडीला विचारले असे म्हणायला हवे. आधी क्लचची मूठ बोटाने हलवून वायरीला ढील किती आहे ते पाहिले. मग ऑइलची कांडी काढून दोन बोटांत ऑइल चोळले, वास घेतला. मग गिअरचा दांडा हाताने हलवून त्याचा बोल्ट सैल नाही ना, हे पाहिले. शेवटी पेचकसाची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावून मला गिअर टाकायला सांगितले. या क्रमातले काहीही मी पुढे बदलले नाही. आज शहापुरात मोटर मेकॅनिकचा वर्ग शिकवताना आटगाव-खर्डीहून येणाऱ्या मुलांना मी हेच सांगतो: सोप्यापासून सुरुवात करा, बाहेरून आत जा.

"वायर बरी, ऑइल बरं, दांडा बरा," मिस्त्री म्हणाले, "तरी दुसरा सुटतोय. म्हंजे दुखनं आतलं हाय. इंजिन उघडावं लागंल. आठ दिस गाडी ठेव."

"आठ दिवस?"

"मग काय, तुला फुंकर मारून देऊ?"

मी गाडी ठेवली नाही. कारण सांगताना आजही माझी मान खाली जाते: आठ दिवस मला पायी कोणी पाहावे, हे मला नको होते. त्या गाडीवर मी कोणीतरी होतो. रस्त्याच्या मोरीशेजारी चहाची टपरी होती, तिथे माझे मित्र बसत. मी उतारावरून येताना डावा हात उंच करी आणि तेही हात उंच करीत. एवढ्यासाठी मी घरी काही सांगितले नाही आणि एक युक्ती शोधली. दुसरा गिअर टाकला, की दांड्यावरून पाय उचलायचाच नाही. पंजाने तसाच दाबून धरायचा. दाबून धरला की गिअर सुटत नसे. दोन महिने मी गाडी अशी चालवली आणि आपण मिस्त्रींपेक्षा शहाणे आहोत असे समजलो. ताई मागून कधी म्हणे, "विल्या, तुझा पाय दुखत नाय का असा? सारखा दाबून का धरतोस?" मी म्हणे, "तू मागं बस गपचूप."

भात निसवायला आले होते, लोंब्या बाहेर पडू लागल्या होत्या. दुपारी शाळा सुटल्यावर आम्ही परत निघालो. टपरीच्या आधी उतार आहे आणि उताराच्या शेवटी वळण. दुसऱ्या गिअरात, पाय दाबून, मी खाली येत होतो. टपरीवर मित्र दिसले. मी हात उंच केला आणि हाताबरोबर, नकळत, पायही सैल झाला. खट् असा आवाज आला. इंजिन किंचाळले, गाडी मोकळी सुटली, मी पुढचा ब्रेक दाबला, वळणावर खडी होती. बाकीचे मला आठवत नाही, ते एकदम संपून गेले होते. गाडी डाव्या अंगावर पडली होती आणि ताईचा डावा घोटा तिच्याखाली होता. माझा उजवा खांदा जमिनीवर आपटून हासळीचे हाड मोडले होते, पण ते मला त्या क्षणी कळलेही नाही. मित्र धावत आले. माझा मित्र गण्या ओरडला, "काय झालं रं?"

आणि मी म्हणालो, "ताई हलली."

कोणी मला तसे बोलायला लावले नव्हते. विचार करायला वेळही नव्हता, आणि हीच गोष्ट मला आजवर छळते. माणूस घाबरला की त्याच्या तोंडून खरे बाहेर पडते असे लोक म्हणतात. माझ्या तोंडून तयार खोटे बाहेर पडले. ताईने खडीवर पडल्या पडल्या माझ्याकडे पाहिले. ओठ पांढरे झालेले. जीपमधून मुरबाडला जाईपर्यंत ते वाक्य माझ्याआधी पोहोचले होते. "मागं बसलेली बाई हलली, पोराचा तोल गेला." डॉक्टरांकडे बसलेल्या एका अनोळखी माणसानेही मान हलवून म्हटले, "होतं असं. बायांना बसता येत नाय."

त्यानंतरचे सहा आठवडे आम्ही दोघे एकाच खोलीत होतो. तिचा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये उशीवर, माझा हात झोळीत. आईने घराचा जणू दवाखाना केला. एक दिवसाआड बकऱ्याच्या पायांचा रस्सा पहाटेपासून शिजे आणि त्याचा वास गिरणीतल्या कोंड्याच्या वासात मिसळे. नाचणीची आंबील, अंडी, शेजारणीने आणलेले वालाचे बिरडे. आई वाटी आधी माझ्या हातात देई. पोरगा पडला होता. पोरीने पाडले होते. आईला हे असे म्हणायचे नव्हते, पण वाटी तसे म्हणत होती. ताई भिंतीकडे तोंड करून मुलांच्या वह्या तपासे. तिच्या शाळेतली दोन पोरे वह्या आणून देत आणि प्लास्टरवर पेन्सिलीने पाढे लिहून जात. रात्री तिचा पाय ठणके तेव्हा ती कण्हत नसे, प्लास्टरवर नखाने टक्टक् करीत राही. माझे हाड जुळत होते. मला कुशीवर वळता येऊ लागले होते, आणि मी दरवेळी तिच्याकडे पाठ करून वळत होतो.

वंदना आता आमच्या खोलीत होऊ लागली. पहिल्याच संध्याकाळी चौथ्या शीलाला माझा आवाज खाली गेला. ताईचा मात्र त्याच शीलाला वर चढला. अंथरुणावर टेकून, हात जोडून, ती ते इतके स्वच्छ म्हणाली, की अण्णांनीही मागे वळून पाहिले. मग रोज तेच. तिने मला एकदाही टोमणा मारला नाही. रोज संध्याकाळी ती फक्त ते एक शील मोठ्याने म्हणत असे.

प्लास्टर निघाले तेव्हा तिचा घोटा लाकडासारखा ताठ झाला होता. पंजा वर उचलत नव्हता. डॉक्टरांनी घोट्याचे व्यायाम सांगितले. ताईने आईचे शिलाई मशीन ओढले, सुई-दोरा काढून टाकला आणि खालची लोखंडी पाटी डाव्या पायाने दाबू लागली. वर, खाली. वर, खाली. दात आवळून, तासन् तास. गिरणीच्या टुकटुकीत तिच्या मशीनची खडखड मिसळे. दिवाळीची सुट्टी लागायला आली होती. सुट्टी संपून शाळा उघडेल त्या दिवशी ती हजर झाली नाही, तर तिच्या जागी दुसरे कोणी नेमले जाईल असा निरोप मुख्याध्यापकांकडून आला होता. मी बरा झालो होतो. मी अण्णांना म्हणालो, "मी नेतो ताईला. गाडी मिस्त्रींकडून नीट करून घेतो."

अण्णांनी मान हलवली. "तिला मागं बसवून पुन्ना पडायचं नाय."

आमचे थोरले काका, ज्यांना सगळे तात्या म्हणत, ओट्यावर पान लावत बसले होते. तेही म्हणाले, "एकदा भावाला पाडलंन ना तिनं? बास झाली नोकरी. पायबी गेला. घरात बसंल ती आता."

तेव्हा मला माझ्या दोन शब्दांचा हिशेब पहिल्यांदा नीट दिसला. घोटा मी मोडला होता, तो जुळत होता. पण तिची शाळा माझ्या खोट्यामुळे हातची चालली होती. तरीही मी गप्प बसलो. बोलली ती ताई. मशीनची खडखड थांबली आणि आतून आवाज आला, "मागं बसून पडते ना मी? मग मी पुढं बसते."

तात्या हसले, पान खाली पडेपर्यंत हसले. "आयकलं का? लंगडी गाडी चालवनार!"

"लंगडा पाय हाय तात्या, मी नाय," ताई म्हणाली, आणि खडखड पुन्हा सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी मी गाडी टेम्पोत घालून मिस्त्रींकडे नेली आणि या वेळी तिथेच बसून राहिलो. त्यांनी इंजिन उघडले. दुसऱ्या गिअरचे चाक बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवले. एकमेकांत अडकणारे त्याचे चौकोनी दात कडांवर गोल झाले होते, चोखलेल्या गोळीसारखे. मग गिअर ढकलणारा फोर्क काढला. पोलादाचा तो दुबोटी तुकडा एकाच बाजूने घासून, तापून निळा पडला होता.

"दात गोल व्हते म्हनून गिअर सुटत व्हता," मिस्त्री म्हणाले. "त्ये आधीचं दुखनं. पन ह्यो फोर्क आता नव्यानं झिजलाय. ह्यो पाय दाबून चालवलेल्या गाडीचा फोर्क हाय. एका दिसात असा व्हत नाय." ते फडक्याने हात पुसत राहिले. "लोक बोलतात, बहीन हलली तुझी."

त्यांनी तो फोर्क फडक्यात गुंडाळून माझ्या खिशात घातला. "घिऊन जा. माझ्या कामाचा नाय."

त्या संध्याकाळी वंदना झाली. चौथ्या शीलाला माझा आवाज खाली गेला नाही, कारण मी ते म्हटलेच नाही. मेणबत्ती तेवत होती, तात्या जेवायला थांबले होते, आई भाकरी थापत होती. मी फडके सोडून फोर्क चटईवर ठेवला आणि सांगितले, "अण्णा, ताई हलली नव्हती. दुसरा गिअर सुटत होता. मला माहीत होतं. मिस्त्रींनी सांगितलं होतं, मी गाडी ठेवली नाही. पाय दाबून चालवत होतो. त्या दिवशी पाय सुटला."

आईचा हात परातीत थांबला. अण्णांनी तो तुकडा उचलून मेणबत्तीजवळ धरला. "मिस्त्रीनं कवा सांगितलं व्हतं?"

"पडायच्या दोन महिने आधी."

मला वाटले ते मारतील. मी त्याची वाटच पाहत होतो म्हणा ना. मार बसला असता तर सुटलो असतो. ते ताईकडे वळले. "तुला म्हाईत व्हतं?"

"मागं मीच बसलेली," ताई म्हणाली. "मी हलली का नाय हलली, ह्ये माझ्यापरीस कोनाला म्हाईत?"

"मग बोलली का नाय?"

"बोलली असती तर तुमी मानलं असतं?"

गिरणी बंद होती. त्या शांततेत अण्णांनी उत्तर दिले नाही, आणि मी त्यांच्याबद्दल एवढेच म्हणेन, की त्यांनी खोटे उत्तरही दिले नाही. तात्यांनी ताट पुढे ओढले. "झालं ते झालं. पोरगा हाय, भ्यालं, तोंडातून गेलं. घरात बोल्ला, घरात ऱ्हाऊ दे. आता गावभर कशाला?"

मी तात्यांना कधी उलट बोललो नव्हतो. त्या घरात कोणीच बोलत नसे. "तात्या," मी म्हणालो, "मोरीवर मीच बोललो. मोरीवर जाऊन मीच सांगनार. तुमी थांबवू नका."

तात्या ताटावरून उठून गेले. पुढे वर्षभर ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्याचा मला तेव्हाही पश्चात्ताप झाला नाही, आजही होत नाही. अण्णा बराच वेळ फोर्क हातात फिरवीत बसले. मग म्हणाले, "मिस्त्रीला बोल, गाडी पोरीच्या पायापरमानं लाव."

मिस्त्रींनी तसेच केले. ताईला गाडीवर बसवून तिचा पंजा किती वर येतो ते पाहिले, दांडा काढला आणि त्याच्या दात्यांवर एक दाता खाली उतरवून पुन्हा बसवला. आता तिला पंजा उचलावा लागत नव्हता. सरळ पाय पुढे सरकवला की दांडा सापडत होता. खालच्या गिअरात यायला टाच होतीच. एका दात्याचा फरक. कापणी झालेल्या आमच्या खाचरात तिने पंधरा दिवस गाडी चालवली. गाडी बंद पडली, बांधाला धडकली, एकदा पेंढ्यात घुसली. बांधावर पोरे शिट्ट्या मारत. ती पेंढा झटकून पुन्हा किक मारी. अण्णा पाठ करून विळ्याला धार लावत बसत, पण गाडी बंद पडली की त्यांचा हात थांबे.

शाळा उघडायच्या दिवशी साडी घट्ट खोवून ताई पुढे बसली आणि मी मागे. मी श्वास रोखून, हात मांड्यांवर, दगडासारखा बसलो होतो. मोरीपाशी मी तिला थांबायला सांगितले. टपरीवर सगळे होते. गण्या मोठ्याने म्हणाला, "काय रं विल्या, आज मागं? हलू नको हां, ताई पडंल!" हशा झाला.

मी उतरलो. "गण्या, त्या दिवशी ताई हलली नव्हती. गाडीचा गिअर सुटत होता आणि मला माहीत होतं. मी खोटं बोललो."

हसणे एकदम थांबले नाही, तुकड्यातुकड्यांनी थांबले. चहावाला ओतत होता तो ओतत राहिला. गण्या म्हणाला, "मग आमी सगळ्यांना सांगत फिरलो त्ये?"

"आता हे सांगत फिरा."

मागे गाडी चालूच होती. ताईने इंजिन बंद केले नव्हते, मान वळवून ऐकलेही नव्हते. तिने हॉर्न वाजवला. "विल्या, चल. घंटा व्हईल."

मी मागे बसलो. समोर तोच चढ होता. ती वळण घेऊन वर निघाली, दुसरा टाकला, आणि दांड्यावरून पाय उचलून घेतला. गिअर बसून राहिला. मी पुन्हा दगड झालो होतो, खडीच्या जागेवरून जाताना तर डोळेही मिटले. वाऱ्यातून तिचा आवाज मागे आला.

"काय रं, मेल्यासारखा काय बसलास? हल की जरा. मागचा हलला म्हनून गाडी नाय पडत."

मग मी हललो.